चाचणी नमुना, बाटली एक

वीस वर्षं माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत मी मालाच्या तपासणीवर होते. पिंपातून नमुना काढायचा, तपासायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि खाली सही करायची. मालकांचा पुतण्या एकदा स्वतः प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी गेटवर उभी आहे, तेवढं पास करून टाका ना." मी म्हटलं, "ड्रायव्हरला चहा पाजा, तोवर रिपोर्ट येईल." रिपोर्ट नापास आला आणि गाडी रिकामी परत गेली. मी तापट आहे, अडेल आहे, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत. पुढे कंपनीने आपलं बस्तान गुजरातला हलवलं आणि आम्ही घरी बसलो. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "बाईंची सही झाली की आम्ही पिंप उघडूनसुद्धा बघत नव्हतो." आयुष्यात मला एवढंच एक प्रशस्तिपत्र मिळालं, आणि मी ते फार जपलं.

माझं सासर टिटवाळ्याच्या पलीकडचं. भाताची जमीन हळूहळू बिल्डरांकडे गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरना कुठल्या कुठल्या परदेशी शहरांची नावं पडली. सासूबाईंच्या नावावरचा एक तुकडा मात्र शिल्लक होता, कारण त्यावर जांभळीची जुनी झाडं होती आणि सासूबाई त्यांना हात लावू देत नव्हत्या. जूनच्या तोंडावर झाडाखाली इतका सडा पडायचा की चप्पल जांभळी झाल्याशिवाय कोणी घरात येत नसे. चांगली फळं टोपल्यांतून कल्याणच्या मंडईत जायची, बाकीची मातीत.

वाइनची कल्पना माझ्या धाकट्या दिराची, ते मी नाकारत नाही. माझं लग्न झालं तेव्हा हा सहावीत होता. बीजगणित मी शिकवलं त्याला. दहावीत गणितात पास झाला तेव्हा पेढा घेऊन आधी माझ्याकडे आला, मग आईकडे गेला. मोठा झाल्यावर कल्याणला गिऱ्हाइकांना जागा दाखवायचं काम करायचा. बोलायला बसला की समोरच्याला वाटावं, आपण इतके दिवस याच्याशिवाय कसे राहिलो. मी घरी बसून डाळी निवडत होते, तेव्हा तो समोर येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुझं डोकं सडतंय इथे. जांभळाची वाइन काढू. तू आत बघ, मी बाहेर बघतो."

माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाने, "मला यात घेऊ नका" एवढंच सांगितलं. तो महापालिकेच्या पाणी खात्यात आहे आणि त्याला कुठल्याही गोष्टीत घेतलेलं आवडत नाही. परवाना सासूबाई आणि दीर यांच्या नावावर निघाला. त्यासाठी ठाण्याच्या ऑफिसच्या पायऱ्या दिराने इतक्या झिजवल्या की तिथला शिपाई त्याला पाहुण्यासारखा विचारायचा, "आज काय राहिलं?" मालाच्या गुणवत्तेसाठी जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव लागलं. सही माझी.

वाइन पहिल्या वर्षी फसली. दुसऱ्या वर्षी पिण्यासारखी झाली, पण बी जास्त वेळ राहिल्यामुळे कडवट. तिसऱ्या वर्षी मात्र जमली. कातकरी वाडीतल्या बायका पहाटे झाडाखाली जुन्या साड्या अंथरायच्या आणि वरून फांद्या हलवायच्या, म्हणजे फळ फुटत नसे. गर आणि बी वेगळं करायचं, टाकीत यीस्ट घालायचं, रोज सकाळ-संध्याकाळ साखर मोजायची, वर येणारा सालींचा थर दाबून खाली ढकलायचा, गाळ तळाशी बसला की वरची निवळ काढून घ्यायची. मी टाकीला कान लावून आतली फसफस ऐकायचे. मला मूल नाही. लोक कधी कधी त्या टाक्यांबद्दल मला तसं काहीतरी बोलायचे आणि मी त्यांना झापायचे. पण मला त्या टाक्यांचा लळा होता, हे खरंच आहे. तिसऱ्या वर्षीची ती वाइन पहिल्या घोटाला आंबटसर, मग जरा गोड, आणि शेवटी जीभ सुकवणारी. प्यायल्यावर जीभ जांभळी व्हायची. आमचा दीर गावभर जीभ दाखवत फिरला.

मग विकायची वेळ आली आणि आम्हाला जग कळलं. ठाण्यातल्या, डोंबिवलीतल्या दुकानदारांनी बाटली हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि म्हणाले, "मॅडम, लोक द्राक्षाची मागतात. हे औषधासारखं वाटतं." दुसऱ्या राज्यात पाठवायची तर प्रत्येक राज्याची वेगळी फी, वेगळी नोंदणी, वेगळा शिक्का. टिटवाळ्याहून गुजरातची हद्द काय लांब आहे? पण तिथे बाटली नेली तर माणूस आत जाईल. आपल्याच देशात आपली बाटली परदेशी. आणि तेवढ्यात करारांच्या बातम्या यायला लागल्या, बाहेरच्या वाइनवरचा कर कमी होणार म्हणून. दुकानातला शेल्फ बघता बघता बाहेरच्या बाटल्यांनी भरायला लागला. आमची सर्वात खालच्या खणात, सोड्याच्या शेजारी. मला राग यायचा. दिराला कल्पना सुचायच्या.

ठाण्याला एका निर्यात मंडळाचं चर्चासत्र होतं. आम्ही दोघं गेलो. एसी इतका की मी पदर कानावरून घेतला. व्यासपीठावरचे साहेब सांगत होते की आता देशी वाइनने बाहेर पडलं पाहिजे, सरकार पाठीशी आहे, प्रदर्शनात जागा मिळेल, नमुने पाठवायला मदत मिळेल. मग दुसरे साहेब उठले आणि त्यांनी बाहेरचे अडथळे सांगितले. मालाच्या प्रत्येक तुकडीचा, म्हणजे बॅचचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रिपोर्ट. तुकडीतली प्रत्येक बाटली कुठे गेली याची नोंद. लेबलवरचं अक्षर केवढं, तेसुद्धा ठरलेलं. आणि या सगळ्याला जबाबदार असलेल्या एका माणसाची सही. बाकीचे लोक हे ऐकून कुरकुरत होते. मी मात्र खुशीत होते. मला वाटलं, चला, कोणीतरी आपल्या भाषेत बोलतंय. हे अडथळे नव्हते माझ्यासाठी, हा तर माझा धंदा होता.

येताना रिक्षात दीर म्हणाला, "वहिनी, तुझी सही जाणार बघ फॉरेनला." मी त्याला गप्प बस म्हटलं. पण मनातून मला तेच हवं होतं. आमच्या जांभळाची वाइन बाहेर जावी आणि तिच्या कागदावर माझी सही असावी, एवढंच. मोठं स्वप्न म्हणता येणार नाही ते.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे घरात जे नवं येईल, त्यात पहिला मान गावदेवीचा. नवा तांदूळ असो, नवी गाडी असो. बाटलीचं तर विचारायलाच नको, आमच्या देवीला बाटली चालते, लग्नात हळदीच्या आधी तिचीच बाटली निघते. सासूबाईंनी विकायच्या पहिल्याच तुकडीला दारात उभं राहून सांगितलं, "पयली बाटली देवीची. ती नाय दिली तं एक जांभूल झारावरशी उतरू देनार नाय मी." मी म्हटलं, द्या की. माझाही देवीवर विश्वास आहे. त्या पदराखाली बाटली घेऊन देवळात गेल्या, अर्धी देवीच्या पायाशी ओतली आणि अर्धी पुजाऱ्याने घेतली.

पण रात्री रजिस्टर घेऊन बसले तर ती एक बाटली कुठे लिहायची? विक्री नाही. फुटलेलीही नाही. फुकट वाटप लिहावं तर त्याला परवानगी लागते. देवीसाठी रकाना नव्हता. मी पेन धरून बसले होते, तेव्हा दीर डोकावला आणि हसत म्हणाला, "चाचणी नमुना लिही ना. देवी पण टेस्टच करते." मीही हसले. आणि लिहिलं: चाचणी नमुना, बाटली एक. खाली सही केली.

वीस वर्षांत मी केलेली ती पहिली खोटी नोंद. मालकाच्या पुतण्यासाठी केली नाही, साहेबांसाठी केली नाही, सासूबाईंच्या देवीसाठी केली. पुढच्या प्रत्येक तुकडीला तीच ओळ. ज्या नमुन्यापुढे रिपोर्टचा नंबर नाही, असा प्रत्येक तुकडीत एक नमुना. दुसऱ्या कोणाच्या रजिस्टरमध्ये असं दिसलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर मारलं असतं.

नमुने बाहेर गेले. तिकडच्या खरेदीदाराला चव आवडली, फोनवर त्याने स्वतः सांगितलं. आम्ही त्या दिवशी घरात मटण केलं. पण दोन महिन्यांनी निरोप आला की त्यांच्या देशात जांभूळ हे फळ खाण्याच्या जुन्या यादीत नाही. म्हणजे आधी ते खाण्यालायक आहे हे सिद्ध करा, मग वाइनचं बघू. मला हसावं की रडावं कळेना. आमच्या अंगणात चिमण्या खातात, पोरं खातात, मधुमेहवाले बिया कुटून खातात, आणि तिकडे ते फळच नाही! तरी मी म्हटलं, ठीक आहे, करू सिद्ध. वर्ष लागेल, दोन लागतील. मी फाइल उघडली. जुन्या ओळखीने ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत खेटे सुरू केले, गराचे, सालीचे, बीचे रिपोर्ट जमवायला लागले.

दिराला तेवढा दम नव्हता. एक दिवस जेवताना म्हणाला, "वहिनी, द्राक्षाची ते लगेच घेतात. तयार वाइन दुसऱ्या कारखान्यातून टाकीने घेऊ. थोडा जांभळाचा वास, लेबल आपलं. मंडळाची मदत पण द्राक्षालाच पटकन मिळते."

मी म्हटलं, "मग द्राक्षवाले पाठवतील. आपण कशाला? आणि माझी सही असलेल्या बाटलीत हे जाणार नाही. मेले तरी नाही."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. पण "बरं" म्हणाला आणि ताकाला हात घातला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस आयुष्यात कधी एका शब्दात गप्प बसलेला नाही.

पुढचे काही महिने मी फाइलच्या मागे होते. टाक्या ठेवलेल्या शेडवर जायचे तेव्हा कुलूप असायचं, किल्ली दिराकडे. "टाक्या धुवायला काढल्यात" म्हणायचा. हंगाम संपलेला होता, मला काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर खटकलं होतं, पण मी बीजगणित शिकवलेल्या पोराचा संशय कसा घेऊ?

मग कंपनीतल्या एका जुन्या मैत्रिणीचा ठाण्याहून फोन आला. "अगं अभिनंदन! तुमचा स्टॉल बघतेय मी. तू कुठेयस?" ठाण्यात खरेदीदार-विक्रेत्यांचा मेळावा भरला होता, तिची मुलगी तिथे कामाला होती. मला मेळाव्याचा पत्ताच नव्हता. मी साडीसुद्धा बदलली नाही, तशीच निघाले.

स्टॉल झकास होता. आमच्या गावाचं नाव मोठ्या सोनेरी अक्षरांत, खाली जांभळाचं चित्र. एक चुणचुणीत मुलगी छोट्या ग्लासात वाइन देत होती. मी ग्लास घेतला. नाकाशी नेला तेव्हाच कळलं. वरून जांभळाचा वास सोडलेला, तोही बाजारच्या इसेन्सचा, आणि आत द्राक्ष. प्यायले. बाईमाणसांच्या स्वच्छतागृहात जाऊन आरशात जीभ काढून बघितली. एका शहाण्या बाईने असं करावं का? पण केलं. जीभ रोजच्यासारखी होती.

परत येऊन मी त्या मुलीला विचारलं, "गुणवत्तेचं काम कोण बघतं तुमच्याकडे?" तिने कुठलं तरी नाव सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आधी घरातल्याच एक मॅडम होत्या. पण त्यांनी रेकॉर्डमध्ये घोळ घातलेला. नमुन्यांच्या नावाखाली बाटल्या बाहेर काढायच्या. मंडळाकडे तक्रार गेल्यावर काढलं त्यांना." तिचा काही दोष नाही. तिला जे शिकवलं ते ती बोलली. मी ग्लास टेबलावर ठेवला, तो कलंडला, तिने तो पुसून घेतला.

दीर तेव्हा व्यासपीठावर होता. माइक हातात घेऊन सांगत होता की बाहेरचे देश आपल्या मातीतल्या वाइनवर कसा अन्याय करतात, करार त्यांच्या फायद्याचे, नियम आपल्याला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यातला शब्द न शब्द माझा होता, आमच्या ओट्यावर बसून मी जे बडबडायचे तेच. मी मागे उभी राहून पूर्ण ऐकलं.

बाहेर पार्किंगमध्ये त्याला गाठलं. मला वाटलं होतं नाकारेल, रडेल, पाय धरेल. त्याने गाडीची किल्ली बोटावर फिरवली आणि म्हणाला, "वहिनी, तू ऐकलं असतंस का? नसतं ऐकलंस. तुझी सही असेपर्यंत एक बाटली हलली नसती. तुला काढायला कारण लागत होतं, आणि तुझ्यात दुसरं काही सापडत नव्हतं."

"ती ओळ तू लिहायला सांगितलीस."

"सांगितली. लिहिली तू."

मी त्याच्या थोबाडीत मारली. तिथे ड्रायव्हर लोक उभे होते, त्यांनी बघितलं, मला त्याची लाज नाही. तो गाल चोळत म्हणाला, "घरी जाऊन आईला विचार. तक्रारीच्या कागदावर तिचा पण अंगठा आहे." आणि गाडीत बसून गेला.

टिटवाळ्यापर्यंत मी स्वतःला समजावत आले. म्हातारीला फसवलं असेल. वाचता येत नाही तिला, काहीतरी सांगून अंगठा घेतला असेल. मी त्यांना सांगेन, त्या छाती बडवून घेतील, पोराला शिव्या घालतील, आणि मग आम्ही दोघी मिळून काय ते बघू. दिराचा राग होताच, पण सासूबाई माझ्या बाजूला होत्या. तेवढं धरून मी घरी पोचले.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सोललेल्या पाकळ्या एका बाजूला सारल्या.

"माना ठावं हाय," म्हणाल्या. "त्यानी वाचून दाखवला माना. देवीला बाटली जाय, तेवरा खरा सांग बोलला. मी खरा सांगला. खोटा थोराच बोलले मी? बाटली देवीलाच जाय ना?"

"आई, त्यामुळे मला काढणार, माझं नाव खराब होणार, हे सांगितलं होतं त्याने?"

"सांगला होता." त्यांनी पुढची गड्डी फोडली. "तू शिकलेली हायेस. तुला कुठं पन काम भेटंल. त्याला कोन देल?"

त्यांच्या आवाजात जराही अपराधीपणा नव्हता. माझ्याबद्दल त्या चांगलंच बोलत होत्या. मी आत जाऊन दार लावलं आणि उशीत तोंड घालून ओरडले. नवरा कामावरून आल्यावर "घरातली गोष्ट घरात ठेव" म्हणाला आणि आंघोळीला गेला.

तक्रार कोणाकडे करणार होते? मंडळाला मी पत्र लिहिलं. बाटलीत जांभूळ नाही हे लिहिलं, आणि ती नोंद खोटी होती, माझी होती, हेही लिहिलं. नाही लिहिलं असतं तर मी त्याच्यासारखीच झाले असते. उत्तर आलं, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. पहिला माल बाहेर गेला. त्याचा फोटो दिराने घरच्या ग्रुपवर टाकला, नणंदांनी त्याखाली शाबासकीचे अंगठे टाकले. मी ग्रुप सोडला. डोंबिवलीत दोन ठिकाणी कामासाठी जाऊन आले. दोन्हीकडे आधी नीट बोलले, मग आमचं आडनाव आणि वाइन ऐकल्यावर कळवतो म्हणाले.

दीर आता कल्याणला राहतो. सासूबाई माझ्याकडेच आहेत, कारण त्यांना माझ्या हातचं जेवण लागतं आणि औषधं माझ्याशिवाय कोणाला कळत नाहीत. सकाळी साखरेची गोळी, दुपारी रक्तदाबाची, झोपताना आणखी दोन. मी हातावर ठेवते, त्या न बघता तोंडात टाकतात आणि पाणी पितात. कुठली गोळी, कशाची, एकदाही विचारत नाहीत. त्यांचा माझ्यावर अजून तेवढा भरवसा आहे. आणि त्यांनी पुढे केलेला कुठलाही कागद मी आता आधी शब्द न शब्द वाचते, मग हातात घेते. परवा विजेचं बिल होतं, तेही वाचलं.